गादीच्या मापाची नाव

मजीद, तुझ्या नावेत स्प्लिट एसी बसवायची बोलणी सुरू झाली आहेत.

तू जाऊन अजून चाळिसावासुद्धा झालेला नाही, आणि कळंबच्या आपल्या शेडशेजारचा तो रिसॉर्टवाला रोज संध्याकाळी पाय मोकळे करायला निघतो आणि ते पाय बरोबर नावेपाशी येऊन थांबतात. वर बघतो, खाली वाकून बघतो, फळीवर टकटक करतो. परवा मला म्हणाला, "सर, वस्तू युनिक आहे. मागे डोंगर, पुढे नाव, वरून लायटिंग सोडायची. हनिमूनवाल्यांना काय लागतं अजून? हिला समुद्राची गरजच काय?"

हा प्रश्न कर्जत तालुक्यातल्या प्रत्येक माणसाने आपल्याला पहिल्या दिवसापासून विचारला. फरक एवढाच की तेव्हा उत्तर द्यायला तू होतास आणि मी नुसता तुझ्यामागे उभा राहून मान हलवायचो.

तौसिफचं मन डळमळलंय. तुझा मुलगा आहे, त्याला मी वाईट म्हणणार नाही. तो म्हणतो, "काका, अब्बा नायत. आता हिला समुद्रावर नेनार कोन? हितं उभी राहून कुजन्यापेक्षा कोनी आत झोपलं तर काय वाईट?" भाभी तुझ्यामागच्या इद्दतीत आहेत, घराबाहेर पडत नाहीत; पण घरात बसून फोनवरून सगळं कळंब चालवतात. या एका विषयावर मात्र गप्प आहेत. मग तौसिफने सगळं माझ्या गळ्यात टाकलं. "तुमी डिझायनर हाय ना काका? तुमीच सांगा, समुद्र का रिसॉर्ट."

डिझायनर! हा शब्द ऐकला आणि तुझ्याशी बोलल्याशिवाय गत्यंतर राहिलं नाही. मी कसला डिझायनर आहे ते जगात फक्त तुला ठाऊक होतं, आणि तू ते बरोबर घेऊन गेलास.

तुला आठवतं, हे खूळ कुठून निघालं? तुमची ती लहान नाव, तुझ्या मामांच्या गावी खाडीत बांधून ठेवलेली. चार माणसं बसली की पाचव्याने श्वास आत घ्यायचा. सुट्टीत सगळी वरात तिकडे जायची आणि निम्मी वरात वाळूत बसून राहायची. मग सुना आल्या, नातवंडं आली, आणि पहिल्या फेरीत कोण जाणार यावरून एका ईदला असं भांडण झालं की शिरखुर्मा तसाच राहिला. तिथून परत येऊन तू तडक दहिवलीला माझ्या घरी आलास. बूटसुद्धा न काढता दारातून म्हणालास, "सुऱ्या, सगळी एकदम मावतील अशी नाव काढ. कोनी किनाऱ्यावर राहायचं नाय."

जशी काय मी नावेची ड्रॉइंग पोह्यांच्या डब्यात ठेवतो.

मी सांगून पाहिलं. म्हटलं, अरे बाबा, मी खोपोलीच्या कारखान्यात जन्मभर टाक्यांची ड्रॉइंग काढली. चौकोनी टाक्या. माझं सगळं शिक्षण पाणी आत कसं ठेवायचं याचं.

"मंग सोपं हाय," तू म्हणालास. "तेच उलटं कर."

तू स्वतः मुंबईकरांच्या शनिवार-रविवारच्या बंगल्यांना दारं, पलंग आणि किचनची कपाटं बनवणारा माणूस. पण तुझ्या आजोबांनी गलबतं बांधली होती, म्हणून तुझा रक्तावर भारी विश्वास. "आजोबांच्या हातात व्हतं ते माज्या रक्तात हाय." मी म्हटलं, तुझ्या रक्तात काय आहे ते डॉक्टरने सांगितलंय, त्याला कोलेस्टेरॉल म्हणतात. आपण दोघं खूप हसलो त्यावर. आता मला तो विनोद कोणाला सांगता येत नाही.

मग तुझ्या घरी सभा भरली. भाभींची एकच मागणी: "भिंतीकडं तोंड करून मी आयुष्यभर चपात्या लाटल्या. नावंत मला मानसांकडं तोंड करून लाटायच्यात." धाकट्या सुनेला दोन संडास हवे होते, एक फक्त बायकांचा, आणि त्यावर कोणी चर्चा करायची नाही. नमाजाला जागा हवी. पण नाव वळत राहणार, मग पश्चिम कशी धरायची? त्यावर तू विचार करून निकाल दिलास, "नाव वळली की मानसानं वळायचं." आमच्या सुनंदाने इतकंच म्हटलं, की मला पोहता येत नाही, तेव्हा मला अशी जागा द्या जिथून पाणी दिसणार नाही. नावेत! तीही मी ड्रॉइंगमध्ये दाखवली. मला कोणाला नाही म्हणता येत नाही, हा माझा डिझायनर म्हणून मुख्य गुण.

पण कागदावरचं तुझ्या घरात कोणाला उमगेना. कागद आडवा धरायचा की उभा इथपासून वाद. शेवटी तूच म्हणालास, "खऱ्या मापात काढ." आणि आपण कळंबच्या खळ्यावर, भात झोडून झाल्यावर, कबड्डीचं मैदान आखतात त्या पांढऱ्या फक्कीने सबंध चाळीस फुटी नाव जमिनीवर काढली. मी टेप धरून, तू फक्कीची पाटी घेऊन. हे स्वयंपाकघर, हे संडास, या झोपायच्या जागा, ही डोलकाठी: तिच्या जागी आपण पहार ठोकली होती.

आणि मग तुमचं अख्खं घर त्या रेघांच्या आत राहायला आलं.

मजीद, तो दिवस मी विसरणार नाही. भाभींनी स्वयंपाकघराच्या रेघेआत चूल मांडली आणि माणसांकडे तोंड करून भाकऱ्या थापल्या. नातवंडं रेघेबाहेर पाय पडला की "बुडला! बुडला!" करून ओरडत होती. तू मागच्या टोकाला सुकाणूवर खुर्ची टाकून बसलास. सगळे जेवून आपापल्या झोपायच्या जागेत आडवे झाले आणि तू खुर्चीवरूनच हाक दिलीस, "पुरतंय का सगळ्यांना?" चारी बाजूंनी आवाज आले, "पुरतंय!" बांधावरून जाणारा एक म्हातारा थांबला. त्याने ऊन खात झोपलेलं सगळं खानदान बघितलं आणि मला विचारलं, "काय रं, काय झालं ह्यान्ला?" मी म्हटलं, "बाबा, हे नावेत आहेत." तो बराच वेळ बघत राहिला. "बरं हाय," म्हणाला. "खवळला तर नाय ना समुद्र?"

माझ्या आयुष्यात माझं एखादं ड्रॉइंग पाहून लोक असे सुखाने झोपी गेले, हे तेवढं एकदाच. त्या आनंदात भाभींनी परस्पर टेप घेतला, फक्कीवरून प्रत्येकाच्या जागेचं माप घेतलं आणि कर्जतच्या गादीवाल्याकडे गाद्या करायला टाकल्या. सगळ्या नव्या, फुलाफुलांच्या अभ्र्यांच्या.

इकडे नाव उभी राहू लागली. तू खाली किनाऱ्याकडून दोन कारागीर आणलेस, सांगाडा झाला, फळ्या चढल्या. माणसं रस्त्यावर दुचाकी थांबवून बघायची. "उल्हास नदीत सोडनार काय? गुडगाभर तर पानी हाय." तू सांगायचास, "आदी नाव व्हऊ दे, मंग नदी वाढवू."

आणि एक दिवस टेंपो भरून गाद्या आल्या.

पहिली गादी आत नेली. बसेना. तिरकी केली. बसेना. तू म्हणालास, दुसऱ्या जागेची असेल. दुसरी नेली, तीही बसेना. पुढच्या टोकाच्या जागेत तर गादी पुरणपोळीसारखी दुमडून उभी राहिली. तेव्हा मी हातातला टेप खाली ठेवला. कारण मला कळलं होतं. घराच्या भिंती खालपासून वरपर्यंत सरळ जातात. टाकीच्याही. नावेची भिंत वरती रुंद असते आणि खाली जाता जाता आत येते. मी फक्कीने जी काढली ती वरची रुंदी होती. नावेचं बाहेरचं अंग मी व्यवस्थित वाकडं काढलं आणि तिच्या आत, चाळीस वर्षांच्या सवयीने, एक चौकोनी टाकी बसवली होती. तुमचं अख्खं घर त्या दिवशी अशा जागेत झोपलं होतं जी समुद्रात कुठेच नव्हती.

मी हे तुला सांगितलं तेव्हा तू माझ्याकडे बघितलंस. गादीकडे बघितलंस. आणि त्या गाद्यांच्या ढिगावर आडवा पडून तू जो हसायला लागलास, ते कारागीर वरून उतरून आले. तुझ्या डोळ्यांतून पाणी, तुला ठसका, आणि मी शेजारी गुन्हेगारासारखा. भाभींना फोन लावला. वाटलं, त्या म्हणतील गाद्या कापा.

"नव्या गादीला मी कात्री लावू देनार नाय," भाभी म्हणाल्या. "नाव मोठी करा."

आणि तू केलीस! सांगाडा सोडवलास, फासळ्यांचा बाक मोकळा केलास, पोट फुगवलंस, आतबाहेर फायबरचा लेप दिलास. जगात नाव होते आणि मग तिच्या मापाची गादी होते. आपल्याकडे गादीच्या मापाची नाव झाली. दिसते जरा गाभण म्हशीसारखी, पण कोणी विचारलं तर तू छाती पुढे काढून सांगायचास, "स्पेशल डिझाइन हाय. आमच्या सुऱ्याचं." एकदाही, मजीद, एकदाही तू कोणासमोर गाद्यांची गोष्ट सांगितली नाहीस. ती सगळीकडे मीच सांगत हिंडलो.

खालापूरचं आठवलं की मला अजून भर रस्त्यात हसू येतं. नाव समुद्रापर्यंत न्यायची परवानगी विचारायला, वाट तिकडून जाते म्हणून, आपण तिथल्या एका कचेरीत गेलो होतो. तिथला भला माणूस, त्याने शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि मग अडचण मांडली. "पण अर्ज कशात घेऊ? गाडी म्हनावी तर चाकं नायत. बांधकाम म्हनावं तर जमीन शेतीची हाय, बिनशेती केलीय का?"

तू म्हणालास, "साहेब, बांधकामच म्हना. आनि आमी घेऊन गेलो की लिहा, अतिक्रमण हटवलं."

त्या माणसाने आपल्याला चहा पाजला.

आपलं खरं भांडण एकच, आणि ते अर्धंच राहिलं. मी म्हणत होतो, इंजिन मोठं बसव, शीड शोभेला राहू दे. घरातली पोरंबाळं बरोबर असणार. तू म्हणायचास, "मंग बसच घेतली असती की रं." शेवटच्या फोनवरही तेच चालू होतं.

"वारा पडला तर काय करशील?"

"थांबायचं. चहा टाकायचा."

"आणि वारा आलाच नाही तर?"

"सुऱ्या, तुला सगळ्याची घाई. उद्या ये शेडवर. उरलेलं भांडन समोरासमोर करू."

मी रात्रीतून असा बिनतोड मुद्दा शोधून काढला होता की तू गारच पडला असतास. सकाळी आंघोळ करताना तो मोठ्याने म्हणून बघितला, सुनंदा दाराबाहेरून म्हणाली, कोणाशी बोलताय? आणि तेवढ्यात तौसिफचा फोन आला. तू मला न ऐकताच जिंकलास. हा रडीचा डाव आहे, मजीद. माझा मुद्दा अजून तसाच आहे, आणि तो दुसऱ्या कोणाच्याही उपयोगाचा नाही.

कब्रस्तानात मी मागे उभा होतो. खड्ड्याकडे बघताना माझ्या मनाने सवयीने मापं घ्यायला सुरुवात केली. याला पाय पसरायला पुरेल का? पुरत होतं. म्हटलं, चला, हे माप आपण काढलेलं नाही म्हणूनच बरोबर आलं. तीन मुठी माती घातली तेव्हा हे तुला सांगावंसं वाटलं, आणि ते सांगायला तूच तेवढा तिथे नव्हतास.

तर आता कालचं ऐक.

काल माझं उत्तर यायच्या आत रिसॉर्टवाला मशीन घेऊन, कापणारा माणूस घेऊनच आला. म्हणाला, पाहुणे शिडी चढणार नाहीत, नावेच्या कुशीला खालून एक दरवाजा फोडला की काम झालं. तौसिफचा चेहरा उतरला. त्याने भाभींना फोन लावून स्पीकरवर टाकला आणि रंगाच्या डब्यावर ठेवला. खडू माझ्या हातात दिला. "काका, कुटं कापायचं ते तुमीच आखा."

दरवाजा फोडला की ती नाव राहत नाही, हे मला कळत होतं. तिथे उभ्या सगळ्यांनाच कळत होतं. पण मला नाही म्हणता येत नाही हे तुला सांगितलंच आहे. तिच्यासाठी एकच करायचं होतं, कापू नका म्हणायचं, आणि माझ्या तोंडून निघालं, "फासळ्या दोन-दोन फुटांवर आहेत. मधला पट्टा मोकळा आहे, इथे आखतो." आणि मी तुझ्या नावेवर दार काढलं.

कापणाऱ्याने बोटाने ठोकून पाहिलं. "साहेब, हितं मागं जाड लाकूड हाय."

मी पुसलं, सरकून आखलं. त्याने ठोकलं. "हितं पन हाय."

परत सरकवलं. परत लाकूड. रिसॉर्टवाला घड्याळ बघायला लागला. आतून सगळं पॅनेलिंग झालेलं, दिसत काहीच नव्हतं. शेवटी त्या कापणाऱ्याने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ठोकत ठोकत सबंध फेरी मारली आणि माझ्यासमोर येऊन उभा राहिला. "साहेब, हिला नुसत्या फासळ्याच लावल्यात काय? बाकी काय हाय का नाय?"

मी म्हटलं, शक्य नाही, ड्रॉइंग माझं आहे. तेव्हा तौसिफ जमिनीकडे बघत म्हणाला, "काका, तुमी मोतीबिंदूच्या ऑपरेशनला गेलावता ना? धूळ नको म्हनून येत नवता? तवा अब्बांनी दर दोन फासळ्यांच्या मधी अजून एकेक घालून घेतली. म्हनले, सुऱ्याच्या हिशोबावर माजी नातवंडं पान्यात न्यायची, जरा भीती वाटते. पन त्याला सांगू नको. त्याला वाईट वाटंल."

मजीद!

म्हणजे "स्पेशल डिझाइन, आमच्या सुऱ्याचं" म्हणून छाती पुढे काढायचास तेव्हा आत ही एवढी लाकडं कोंबून ठेवली होतीस? वाईट वाटलंच. तू हे माझ्या तोंडावर म्हणाला असतास तर मी आठवडाभर तुझ्याशी बोललो नसतो, आणि तू रोज दोन वेळा फोन करून विचारलं असतंस, अजून बोलत नाहीस ना? मी तिथे खडू घेऊन उभा होतो, अपमान झालेला, आणि मला एकदम असं हसू फुटलं की शिडीला धरावं लागलं. माझ्या हिशोबावर काडीचा विश्वास नसताना तू ही सगळी वर्षं माझ्याकडूनच हिशोब करून घेतलास. असा दोस्त दुसरा कुठून आणू?

डब्यावरचा फोन बोलला. भाभी सगळं ऐकत होत्या.

"भावजी, किती फासळ्या हायत म्हनलात?"

"पाहिजेत त्याच्या दुप्पट, भाभी."

"खोलीला कोन घालतं एवढ्या फासळ्या?"

रिसॉर्टवाल्याने माझ्याकडे बघितलं, मी कापणाऱ्याकडे.

"आं? सांगा की. खोलीच करायची असती तर चार भिंती बांधल्या असत्या त्यांनी. एवडं भिऊन भिऊन बांधलीय, ती पान्यात न्यायलाच ना?"

रिसॉर्टवाला फोनकडे वाकला. "पण मॅडम, मी एसीवाल्याला बोलून ठेवलंय..."

"तुमच्या घरी लावा. गरम व्हत असंल तुमाला."

तौसिफने माझ्या हातातला खडू काढून घेतला आणि शर्टाच्या बाहीने दार पुसून टाकलं. पांढरी बाही तशीच घेऊन तो शिडी चढला, फोन खिशात टाकून. मी मागून चढलो, धापा टाकत. आत लाकडाचा आणि फायबरचा वास कोंडला होता. तू जिथे घासता घासता थांबलास तिथे तुझा पॉलिशपेपर तसाच पडला होता, लाकडाच्या ठोकळ्याला गुंडाळलेला.

तौसिफ म्हणाला, "काका, अब्बा गेल्यापासून मी एकदापन वर चढलो नवतो. खालनंच बगायचो. म्हनून तर देऊन टाकत व्हतो."

  पॉलिशपेपर फाडून अर्धा त्याला दिला, अर्धा मी घेतला. राहिलेला भाग घासायला बसलो.

खिशातून भाभींचा आवाज आला. "वर काय चाललंय? काम करताय का रडताय?"

"काम!" आम्ही दोघं एकदम म्हणालो.

"मंग आवाज असा का येतोय?"

"धूळ आहे भाभी. फायबरची. नाकात गेली."

तिकडूनही नाक ओढल्याचा आवाज आला.

"मंग घासा अजून थोडं," भाभी म्हणाल्या. "मी फोन ठेवत नाय."